माठ कोणी भरला?

दिवाळी अंक उघडावा आणि आत वैशाख निघावा, ही गोष्ट मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे त्याला नवल वाटत नाही. बाहेर थंडीची पहिली चाहूल लागलेली असते, एका हातात चकली असते, आणि दुसऱ्या हातातल्या अंकात कोणी साठीचे लेखक आजोळच्या विहिरीत उडी घेत असतात. कारण साधे आहे. दिवाळी अंकांची आमंत्रणे उन्हाळ्यात निघतात. लेखक पंख्याखाली घाम पुशीत लिहावयास बसतो, आणि घाम पुसणाऱ्या माणसाला सुचून सुचून काय सुचणार? लहानपणीचा गारवा सुचतो. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली. तेव्हापासून आजवर या गारव्याचे किती हंडे मराठी वाचकांच्या डोक्यावर ओतले गेले असतील, याचा हिशेब कोणी केलेला नाही.

मी स्वतः या लेखांचा लोभी वाचक आहे, हे आधीच सांगून टाकतो. आंबिवलीच्या घरी माझ्याजवळ जुन्या दिवाळी अंकांची एक ट्रंक आहे. गेल्या मे महिन्यात ती उपसली आणि उन्हाळ्याच्या आठवणींचे जेवढे लेख सापडले तेवढे ओळीने वाचून काढले. एकेक वाचताना ते गोड लागतात. ओळीने वाचले म्हणजे मात्र गुळाच्या ढेपेला तोंड लावल्यासारखे होते, आणि मग समीक्षकाचे पापी मन जागे होते.

या लेखांतील सामान ठरलेले असते. कोपऱ्यात तिवईवर माठ, त्यात वाळ्याची जुडी. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आणि पन्हे. सारवलेली जमीन, तिच्यावर उघड्या अंगाने लोळणे. ताडगोळे, करवंदे, जाम, सब्जाचे सरबत, रंगीत बर्फाचा गोळा. रात्री गच्चीवर किंवा अंगणात ओळीने अंथरुणे आणि आजीची गोष्ट. शेवटी एक सुस्कारा: आता ते दिवस राहिले नाहीत. हा साचा फडके, खांडेकर, काणेकर यांच्या लघुनिबंधाने घडवला असे म्हणण्याची रीत आहे; पण ते लेखक निदान लहानशा वस्तूवरून कोठेतरी जाऊन पोहोचत. त्यांच्या मागून आलेल्यांनी वस्तू तेवढी ठेवली आणि पोहोचणे सोडून दिले.

माझा पहिला आक्षेप हा की हा गारवा सगळीकडे एकच आहे. लेखक सावंतवाडीचे असोत, नागपूरचे असोत की कल्याणचे असोत, सर्वांचे माठ सारखेच गार आणि सर्वांच्या वाळ्याच्या ताट्या सारख्याच सुगंधी. निसर्गात तसे घडत नाही. माठाची माती सच्छिद्र असते. पाणी तिच्यातून पाझरून बाहेरच्या अंगाला येते, तेथे त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. पण वाफ व्हावयास हवा कोरडी लागते. विदर्भातल्या खडखडीत उन्हाळ्यात माठातले पाणी दाताला लागेल इतके गार होते आणि ओल्या ताटीतून आलेली झुळूक खोली बदलून टाकते. आमच्याकडे, ठाण्या-कल्याणच्या दमट हवेत, माठ नुसता घामेजतो, आपल्यासारखाच. पाणी गार होते, नाही असे नाही, पण बेताचे. वाळ्याची ताटी येथे लावलीत तर खोलीला वास चांगला येईल आणि अंगाचा चिकचिकाट वाढेल. तेव्हा समुद्रकाठच्या गावच्या लेखकाने ताटीमुळे घर हुडहुडले असे लिहिले की मी समजतो, हे त्याने पाहिलेले नाही. हे त्याने दुसऱ्या कोणाच्या दिवाळी अंकात वाचलेले आहे.

कोकणपट्टीतला खरा गारवा वेगळा असतो. तो सावलीचा, वाऱ्याच्या दिशेचा आणि वाहत्या पाण्याचा असतो. आमची आंबिवली शहाड आणि टिटवाळा यांच्या मधली. एका अंगाला उल्हास, दुसऱ्या अंगाला तिला पुढे जाऊन मिळणारी काळू. आम्हां मुलांचा उन्हाळा नदीच्या गुडघाभर पाण्यात आणि खाडीकडून संध्याकाळी उशिरा येणाऱ्या वाऱ्यात होता. तो वारा कोणत्या गल्लीत शिरतो आणि कोणत्या गल्लीला चुकवून जातो हे मोहन्या-आंबिवलीच्या पोरांना पाठ असे. असा एखादा तपशील मला त्या सगळ्या ट्रंकेत दोन-तीन ठिकाणीच भेटला. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 साली पुस्तकरूपाने आले. त्याची आठवण येथे मुद्दाम करावीशी वाटते. दुर्गाबाई ऊन टाळीत नाहीत. त्या उन्हात उभ्या राहून झाडाकडे पाहतात, आणि जे पाहतात तेच लिहितात. त्यांचा चैत्र वाचताना कोठेही असे वाटत नाही की हा चैत्र कोणाकडून उसना आणला आहे. त्यांना गारव्याची ओढ नाही म्हणूनच की काय, त्यांच्या पानांवर सावली खरी पडते.

पण उसना माठ ही लहान चूक झाली. तिच्यापेक्षा मोठी गोष्ट मला या लेखांच्या व्याकरणात दिसली. पाहा: ‘माठ भरलेला असे.’ ‘अंगण सारवलेले असे.’ ‘पन्हे तयारच असे.’ ‘गच्चीवर पाणी मारलेले असे आणि अंथरुणे घातलेली असत.’ शाळेत आपल्याला शिकवले की वाक्यात कर्ता शोधावा, क्रियापदाला ‘कोण’ असा प्रश्न विचारावा म्हणजे तो सापडतो. या वाक्यांना तो प्रश्न विचारून पाहा. उत्तर येत नाही. विहिरीत उडी मारताना कर्ता हजर असतो: मी मारली. कैरी पाडताना हजर असतो: आम्ही पाडली. आजोबा ओरडले, तेथेही कर्ता आहे. जेथे मजा आहे तेथे कर्ता आहे, आणि जेथे काम आहे तेथे तो नाहीसा होतो. घरातला सगळा गारवा जणू पहाटे आपोआप उगवतो, दंव पडावे तसा.

मे महिन्यात विहीर खोल जाते. रहाटाचा दोर लांब करावा लागतो. चार माणसांच्या घराला पिण्याला, न्हाणीला, भांड्यांना, सड्याला आणि शिवाय त्या माठाला पाणी लागते. उन्हाळ्यात जास्तच लागते, कारण उन्हाळा. पितळी हंडा रिकामाच काखेला जड लागतो. हे कोणी आणले? साहेबाच्या कचेरीत छताला टांगलेला झालरीचा पंखा हले, तेव्हा त्याच्या दोरीच्या टोकाला व्हरांड्यात एक पंखेवाला बसलेला असे, हे आपण आता कळवळून लिहितो, कारण तो गारवा साहेबाचा होता. आपल्या घरातल्या दोरीचे टोक कोणाच्या हातात होते हे लिहिताना मात्र शाई वाळते.

येथे कोणी म्हणेल: अहो, हे सणाचे वाचन आहे. घरात लाडू-करंज्यांचा वास सुटला असताना रहाटाचे घट्टे कशाला दाखवता? आणि लहान मुलाला काय ठाऊक माठ कोणी भरला ते? आक्षेप रास्त आहे. मुलाला ठाऊक नसते हे खरेच आहे, आणि त्याचे ते न दिसणे तसेच्या तसे लिहिले तर तेही वाङ्मयात मोलाचे ठरेल. पण लेख मूल लिहीत नाही. लेखकाच्या मागे पन्नास वर्षे गेलेली असतात, त्याच्या स्वतःच्या घरात पाण्याचा प्रश्न निघालेला असतो, त्याने नळावरची भांडणे ऐकलेली असतात. तो मुलाचे अज्ञान आठवत नसतो, ते पांघरून बसलेला असतो.

शिवाय काम दाखवले म्हणजे लेख रडका होतो ही समजूतच मुळात चुकीची आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून पाहा. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही. मीठसुद्धा त्यातून सुटत नसे. मीठ धुणे ही कल्पनाच हसू फोडणारी आहे, आणि लक्ष्मीबाई आपल्याला पोट धरून हसवतात. पण हसता हसता आपल्याला हेही दिसत राहते की धुणे म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे घरातल्या बायकांचे हात, पाठ आणि उपासमार. वडिलांवर राग नाही, स्वतःची कीव नाही, आणि तरी कर्ता एकाही वाक्यातून निसटलेला नाही. ज्याला सणासुदीचे हलकेफुलके लिहावयाचे आहे त्याने धडा घ्यावा तो येथे.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (1987) पाणी हे पोराच्या मजेचे नव्हे तर पोराच्या राबण्याचे आहे. कागलच्या मळ्यात मोट चालते, पाटाने पाणी पिकाला जाते, आणि शाळेकडे डोळे लागलेल्या मुलाला बाप तेथेच जुंपून ठेवतो. हेही बालपण आणि हाही मराठी उन्हाळा. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (2003) रत्नागिरीच्या बाजाराकडे डोंगरवाटेने निघालेल्या बायका आहेत, त्यांच्या डोक्यांवर लाकूडफाटा आहे, गवत आहे, आंब्यांच्या पाट्या आहेत. त्या बायका वाचल्यापासून एखाद्या लेखात ‘आणि मग आंबे येत’ असे वाक्य आले की मी थबकतो. आंबे येत म्हणजे कसे येत? चालत येत?

या सर्वांहून वेगळे असे एक लिखाण आहे, आणि ते उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आठवणींत आपण कधी धरीत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने काही आत्मचरित्रपर टिपणे इंग्रजीत लिहून ठेवली होती. ती त्यांच्या मागे, 1990 साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने छापली. पहिलेच टिपण 1901 सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीचे आहे. आपल्या नेहमीच्या लेखात असते ते सगळे त्याच्या आरंभी आहे. मुले साताऱ्याला आत्याच्या मायेत राहणारी. वडील खटाव तालुक्यातल्या कोरेगावला नोकरीवर. सुट्टीत तुम्ही इकडे या असे त्यांचे पत्र. आगगाडीचा पहिला प्रवास. नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. बरोबर फराळाचा डबा. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चौघेजण मसूर स्टेशनावर उतरली. कोणी न्यावयास आले नव्हते, पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी जात विचारली. गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही असा की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने पायी चालावे. वाटेत नदी लागली, तर पात्रात उरलेले पाणी गुरांच्या मुताशेणाने चिखल झालेले. रात्री जकात नाक्यावर पोहोचले. गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे आपण मुसलमान असे सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. डबा भरलेला होता. पाण्यावाचून घास उतरणार नाही म्हणून चौघे उपाशी झोपले.

या कथेत एक तपशील असा आहे की तो एखाद्या कथालेखकाने रचला असता तर आपण त्याला अतिरेकी म्हटले असते. वडील कोरेगावला ज्या कामावर रोखपाल होते ते काम दुष्काळग्रस्तांसाठी तलाव खोदण्याचे होते. ज्याचा बाप तलावाच्या कामाचे पैसे मोजीत होता त्या मुलाला त्याच तलावाच्या वाटेवर घोटभर पाणी मिळाले नाही. आंबेडकर यावर भाष्य करीत नाहीत. ते वडिलांची नोकरी सांगतात आणि पुढे जातात. त्याच टिपणात शाळेतल्या नळाचा उल्लेख आहे. तहान लागली तरी नळाला हात लावावयाचा नाही, शिपायाने तो उघडावा. शिपाई नसला की पाणी नाही. सव्वीस वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, त्या दिवसाचे वर्णन आपण पुष्कळदा वाचतो. त्या ओंजळीच्या मागे मसूरची ती रात्र वाचावी.

मी असे म्हणत नाही की दिवाळी अंकातल्या प्रत्येक पन्ह्यात हे सगळे मिसळावे. माझी तक्रार वाङ्मयाची आहे. साताऱ्याच्या त्या मुलाच्या टिपणात प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे: कोणी विचारले, कोणी नाकारले, कोण चालले, कोणी हाकले. पाणी कोणाच्या हातात आहे यावर आपला जीव अवलंबून आहे हे ज्याला ठाऊक असते, तो तो हात विसरू शकत नाही. ज्याला पाणी नेहमी मिळाले त्यालाच ‘माठ भरलेला असे’ असे लिहिता येते. या वाक्यातले व्याकरण भाषेने दिलेले नाही, ते घराने दिलेले आहे. आणि त्यामुळे गारव्याचे वर्णनच पांगळे होते. कारण ज्याने हंडा उचलला नाही त्याला पाण्याचे वजन ठाऊक नसते, आणि वजन ठाऊक नसलेले पाणी कागदावर कितीही ओता, ओले होत नाही. पुढच्या पिढीचे लेखक वातानुकूलित खोलीच्या आठवणी लिहितील, तेव्हाही ‘खोली थंड असे’ एवढेच लिहितील. ती थंडी करणारे यंत्र आपल्या पाठीकडून शेजाऱ्याच्या खिडकीत उष्ण वारा फेकीत होते हे लिहावयाचे राहून जाईल.

आता मला एक कबुलीही द्यावयास हवी, कारण हा लेख जन्मला तो दुसऱ्या एका लेखाच्या पोटी. संपादकांनी माझ्याकडे मागितली होती ती उन्हाळ्याची एक आठवण. मी ती लिहिलीही. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना तेव्हा चालू होता (तो 2009 पासून बंद आहे), आणि आम्ही आंबिवलीला एका दुमजली चाळीत वरच्या मजल्यावर राहत होतो. माझे अंथरूण माठाच्या शेजारी असे. लेखात मी लिहिले होते की पहाटे अंधारात माठ आपल्याशीच गुळगुळ बोले, आणि त्या आवाजाने मला पुन्हा झोप लागे. वाक्य मला आवडले होते. इतके की ते मी थोरल्या बहिणीला फोनवर वाचून दाखवले. ती आता कल्याणला असते, पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहे.

ती म्हणाली, “माठ कसला बोलतोय रे? ते मी पाणी ओतायची.”

मी गप्प बसलो. मग तिने सांगितले ते असे. नळ पहाटे साडेतीनला येई आणि साडेचारला जाई. खाली रांग. दोन खेपा माठाच्या, चार पिंपाच्या. जिन्याच्या पायऱ्या सोळा. सातवी फुटलेली होती, अंधारात तिच्यावर पाय टाकावयाचा नाही. हंडा एकदम उपडा केला तर भडभड आवाज होऊन धाकटा उठेल आणि मग आईची झोपमोड होईल, म्हणून तांब्याने थोडे थोडे ओतावयाचे. माठ भिंतीशी ठेवला तर गार होत नाही, खिडकीच्या वाऱ्यात तिवई सरकवावी लागते, आणि पावसाळी ढग आले की कितीही सरकवा, उपयोग नाही, हेही तिनेच सांगितले. वाफेची आणि दमट हवेची जी विद्या मी वर पुस्तकातून मांडली आहे, ती तिला बाराव्या वर्षी तिवई सरकवून सरकवून कळलेली होती.

“मग तुला उन्हाळ्यातलं गार असं काय आठवतं?” मी विचारले.

ती जरा थांबली. “पायऱ्या,” म्हणाली. “पहाटे दगड गार असायचा. वर चढताना पायाला बरं वाटायचं. सातवी सोडून.”

माझा तो लेख मी संपादकांना पाठवला नाही. त्याच्या जागी हा पाठवीत आहे. पाठवण्यापूर्वी बहिणीला एवढे विचारून घेतले की तुझे हे बोलणे छापले तर चालेल ना. तिने हरकत घेतली नाही. फक्त म्हणाली की लिहिणारच असशील तर चुंबळीचंही लिही. ती आईच्या जुन्या लुगड्याची होती, हिरव्या काठाची, आणि पाण्याने भिजून भिजून त्या काठाचा रंग माझ्या केसांना लागायचा.